टिन्सेलची उतरंड

डिसेंबर लागला की स्टेशनरीच्या दुकानांत चंदेरी, लाल, हिरव्या झुपकेदार माळा लोंबू लागतात. नाताळ सरला तरी त्या हलत नाहीत. बारसं, वाढदिवस, दुकानाचं उद्घाटन, कशालाही चालतात. इंग्रजीत यांना टिन्सेल म्हणतात. ऐकून वाटतं, टिनच्या पत्र्याशी काही नातं असावं. तसं मुळीच नाही. मूळ लॅटिन शब्द 'सिंटिला', म्हणजे ठिणगी. जुन्या फ्रेंचमधून फिरून येताना त्याचं डोकं उडालं आणि टिन्सेल उरलं. जुन्या कचेऱ्यांत प्रती काढायच्या सायक्लोस्टाइल यंत्रासाठी टाइप करायचे ती स्टेन्सिलही याच घरची लेक. शाईनं हात बरबटवणाऱ्या त्या कागदात ठिणगी कुठली, देव जाणे!

इंग्लंडात ट्यूडर राजघराण्याच्या काळात टिन्सेल म्हणजे सोन्याचांदीच्या तारांनी झगमगणारं उंची कापड. १५७४ साली राणी एलिझाबेथनं फर्मान काढून ते कोणत्या दर्जाच्या माणसानं वापरायचं हेच बांधून दिलं. नुसती ऐपत असून भागत नव्हतं. पुढे नकली, स्वस्त माल आला आणि शब्दाची किंमत उतरली. टिन्सेल म्हणजे वरवरचा भपका, असं होऊन बसलं. आपल्या बेगडाला निदान असली उतरंड पाहावी लागली नाही, तो पहिल्यापासून मखराचाच. नाताळच्या झाडावर तर एके काळी चक्क शिशाच्या पट्ट्या टांगत. जड असल्यामुळे त्या छान सरळ लोंबायच्या. शिसं पोरांना बाधेल म्हणून अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्या बंद झाल्या आणि प्लॅस्टिक आलं.

अस्सल टिन्सेल हवं असेल तर बिघडलेल्या इअरफोनची वायर सोलून पाहा. पुष्कळ वायरींत बारीक दोऱ्याभोवती तांब्याची चपटी पट्टी पिळून गुंडाळलेली असते. नुसती तार सारखी वाकून तुटली असती. इथे ताण दोरा झेलतो आणि वीज पट्टी नेते. या प्रकाराचं धंद्यातलं नावच 'टिन्सेल वायर'. पैठणीच्या जरीची कृती तरी वेगळी कुठे आहे? तार चपटी करायची आणि रेशमाच्या धाग्यावर गुंडाळायची. सोनं गेलं, तांबं आलं, एवढाच फरक. आणि हो, ही वायर सोल्डर करायला गेलं की आतला दोरा जळतो, म्हणून दुरुस्तीवाला ती हातातसुद्धा घेत नाही. "नवा घ्या ना काका, शंभरात मिळतो!"