फुकटच्या जर्मनसाठी परवानगीची वाट

जर्मन परीक्षेच्या सरावाचे जे पेपर कोणीही, कधीही उघडू शकतं, त्यासाठी मी नागपुरातल्या एका क्लासकडे परवानगी मागत बसले होते. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

बहिणीची मुलगी नर्स आहे, तिला जर्मनीत जायचं आहे. त्यासाठी सहसा बी-२ या पातळीपर्यंत भाषा लागते, सुरुवात ए-१ या सगळ्यात खालच्या पातळीपासून. नाइट ड्यूटी करून रोज सीताबर्डीला क्लासला जाणं तिला जमणारं नव्हतं. तेव्हा ऑनलाइन काय मिळतं ते शोधायचं काम माझ्याकडे आलं. बाकीचं पटापट सापडलं. डॉयचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा ‘निकोस वेग’ हा व्हिडिओ कोर्स ए-१ ते बी-१ पूर्ण फुकट आहे. शब्द पाठ करायला अँकी हे अॅप, उच्चार ऐकायला फोर्वो ही साइट. (अँकी अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर पैसे पडतात.)

अडलं ते सरावाच्या पेपरांवर. ‘ए-१ चे सर्व पेपर मोफत’ अशी जाहिरात दिसली. फॉर्ममध्ये नाव, मोबाइल, शिक्षण, वडिलांचा व्यवसाय, वरून ओटीपी. जर्मन शिकायला वडिलांचा व्यवसाय काहून लागतो, देव जाणे. मग ड्राइव्हची लिंक आली, ती उघडली तर ‘परवानगी मागा’. मागितली. फाइल काही उघडेना, फोन मात्र लगेच सुरू झाले.

“मॅडम, सोमवारपासून बॅच सुरू होऊन राहिली, सीट ठेवू का?”

“भाऊ, आधी पेपर तर उघडून द्या.”

“हो मॅडम, सर करून देतील.”

हे सर कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही. फोन नेमके जेवायच्या वेळी यायचे, दर वेळी नवा आवाज, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सांगायची. इकडे भाची रोज विचारायची, “मावशी, पेपर कुठी आहे?”

एकदाचं ते फोल्डर उघडलं. वाकडी स्कॅन केलेली पानं, प्रत्येकावर क्लासचा शिक्का, आणि त्याच्याखाली अर्धवट झाकलेलं गोएथे इन्स्टिट्यूटचं, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या जर्मन संस्थेचं नाव! ऐकण्याच्या भागाचे प्रश्न होते, ऑडिओ नव्हता. ए-१ ला ऐकण्याची परीक्षा साधारण २० मिनिटांची असते, त्यात दुसऱ्या भागातल्या घोषणा एकदाच ऐकवतात. आवाजच नाही तर तो कागद घेऊन काय करायचं?

नाव दिसलं म्हणून सरळ गोएथेची साइट उघडली. ए-१ च्या पानावर नमुना पेपर होते, ऑडिओसकट, उत्तरांसकट. शब्दांची यादीसुद्धा. ना नाव विचारलं, ना नंबर. इतकी चिडले की त्याच रात्री सगळ्या लिंकची यादी करून भाचीच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकली.

लगेच मागणी आली, “ताई, पीडीएफच टाका ना.” नाही टाकली. पीडीएफ या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरते आणि ऑडिओ मागे राहतो. मूळ पानाच्या लिंकवर दोन्ही सोबत मिळतात. यादीची फाइल मात्र ‘लिंक असलेल्या कोणालाही, फक्त वाचण्यासाठी’ अशी ठेवा. नाही तर परवानगीच्या विनंत्या तुमच्याकडे येतील आणि तुम्हीच ते ‘सर’ व्हाल. पाठवण्याआधी घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवर उघडून बघा.

ग्रुपमधली एक मुलगी जपानी शिकते. तिच्यासाठी जपान फाउंडेशनचं ‘इरोदोरी’ हे जपानीचं पाठ्यपुस्तक जोडलं, तेही ऑडिओसह मोफत. एनएचके वर्ल्ड या जपानी प्रसारण सेवेचे जपानीचे धडे हिंदीतूनही आहेत.

हो, एक राहिलंच. ए-१ पास व्हायला १०० पैकी ६० लागतात. पेपर झेरॉक्सवाल्याकडून छापून घ्या, घड्याळ लावून सोडवा, आणि ऐकण्याचा पेपर मध्ये थांबवून पुन्हा ऐकू नका. भाची पहिल्यांदा तेच करत होती आणि ऐकण्यात २५ पैकी २३ घेऊन खूश होती. न थांबवता लावलं तेव्हा १४ वर आली.