दोन किलोमीटरचं वर्तुळ: २०२०च्या ट्रॅकवर आज चालू नका

२०२०च्या कोविड टाळेबंदीत लोकांनी घराभोवती आखलेल्या वर्तुळफेऱ्यांचे ट्रॅक, म्हणजे फोनवर नोंदवलेले मार्ग, अजूनही फिरत असतात. त्यांत एकच चित्र दिसतं: रिकामे रस्ते, पक्ष्यांचा आवाज, 'बारा-साडेबारा किलोमीटर, तीन तास, एकदम सोपं.' यातला एकही आकडा आज खरा ठरत नाही. दोन किलोमीटर त्रिज्येची पूर्ण फेरी घरातून निघून घरी परत येईपर्यंत बावीस किलोमीटरच्या आसपास जाते आणि सहा तास खाते. तरीही ती करावी, कारण रोजच्या वाटेच्या दोन गल्ल्या पलीकडे किती काय आहे हे दुसऱ्या कशानं कळत नाही. फक्त खरे आकडे आणि एका भिकार टप्प्याची माहिती हाताशी ठेवून निघा.

ही वर्तुळं आली टाळेबंदीच्या नियमांतून. आयर्लंडमध्ये मार्च २०२०च्या अखेरीस व्यायामासाठी घरापासून दोन किलोमीटरची मर्यादा आली, फ्रान्सनं एक किलोमीटर आणि एक तास दिला, मेलबर्नला ऑगस्टपासून पाच किलोमीटर होते. परिघ अनुक्रमे १२.६, ६.३ आणि ३१.४ किलोमीटर. एक किलोमीटरचं वर्तुळ लवकर संपतं, पाचाचं एका दिवसात नीट बघून होत नाही. दोनाचं बरोबर बसतं.

आता १२.६चे बावीस कसे होतात ते बघा. रस्ते गोल नसतात. रस्ते काटकोनात आखलेले असतील आणि वर्तुळाला कितीही चिकटून चाललात तरी अंतर त्रिज्येच्या आठपट होतं, म्हणजे १६ किलोमीटर. लहान लहान वळणं घेतली म्हणून ते कमी होत नाही, कारण प्रत्येक पाव वर्तुळात तुम्हाला दोन किलोमीटर एका दिशेला आणि दोन दुसऱ्या दिशेला जावंच लागतं. त्यात बंद गल्ल्या आणि कुलूपबंद फाटकं धरली की १७. शिवाय घरापासून वर्तुळापर्यंत जाणं आणि परत येणं कुणीच मोजत नाही. सरळ रेषेत दोन असलेलं अंतर पायी साधारण २.७ होतं. जाऊन-येऊन ५.४. झाले बावीस.

आता भिकार टप्पा. बहुतेक वर्तुळांना तो असतोच: हमरस्ता, रेल्वेमार्ग किंवा नदी. भूमितीची गोष्ट आहे, पण नकाशा बघताना डोळ्यांतून निसटते. जी रेषा वर्तुळात शिरते ती बाहेरही पडते, म्हणून अशी प्रत्येक रेषा दोनदा ओलांडावी लागते. पहिला पूल पार केला की सुटलो असं वाटतं आणि तासाभरानं तोच हमरस्ता पुन्हा समोर उभा राहतो, तेही पाय दमल्यावर आणि वाहतूक वाढल्यावर. रेषा घरापासून एक किलोमीटरवर असेल तर परिघाचा तिसरा हिस्सा, ४.२ किलोमीटर, तिच्या पलीकडे पडतो. तो सोडवत नाही. पण रेषा दीड किलोमीटरच्या पलीकडे असेल तर पाव वर्तुळापेक्षाही कमी भाग तिकडे जातो. तो सरळ सोडून द्या आणि रेषेच्या अलीकडून चाला. 'पूर्ण वर्तुळ' म्हणवून घेण्यासाठी दोन ओलांडण्या अंगावर घेण्यात काही अर्थ नाही.

ओलांडायचंच असेल तर नकाशातल्या पायवाटेवर विश्वास ठेवू नका. पायी मार्ग शोधणारी अॅप्स द्रुतगती मार्ग सोडले तर बहुतेक रस्ते चालण्याजोगे समजतात. फुटपाथ आहे का, कडेला जागा किती, पुलाचा कठडा रस्त्याला खेटून आहे का, यातलं काही नकाशात कुणी नोंदवलेलं नसेल तर अॅपला ते कळायचा मार्गच नाही. खासगी फाटकाचंही तसंच. म्हणून अॅपनं 'आठशे मीटर, दहा मिनिटं' म्हटलेला तुकडा प्रत्यक्षात पांढऱ्या पट्टीबाहेरची फूटभर खडी निघतो, शेजारून ट्रक जातात आणि त्यांच्या वाऱ्यानं अंग ढकललं जातं. २०२०मध्ये याच तुकड्यावर लोक आरामात चालले, कारण गाड्याच नव्हत्या. ट्रॅक त्यांनी खोटा दिला नाही, पण आज तो धोक्याचा आहे.

उपाय एकच. ओलांडायच्या जागा आधी ठरवा आणि उरलेलं वर्तुळ त्यांना जोडून आखा. भुयारी मार्ग, पादचारी पूल आणि सिग्नलचा चौक एवढ्याच जागा धरा. उड्डाणपुलावरून पायी जाऊ नका आणि रूळ मधूनच ओलांडू नका. उपग्रह चित्रात वाट दिसली तरी रस्त्याच्या पातळीवरचे फोटो बघा आणि फोटो कोणत्या वर्षीचा आहे तेही बघा. अशी जागा वर्तुळापासून पाचशे मीटर आत किंवा बाहेर असली तरी तीच घ्या. फुटपाथ नसलेला तुकडा टळतच नसेल तर समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, एकामागे एक, भडक कपड्यांत चाला. अंधार पडल्यावर मुळीच नको.

इथेच दिशेचा प्रश्न येतो आणि हे कुठल्याच ट्रॅकमध्ये लिहिलेलं नसतं. गाड्या डावीकडून चालतात त्या देशात वर्तुळ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं करा. गाड्यांना सामोरं चालायचं तर तुम्ही रस्त्याच्या उजव्या कडेला असता आणि घरही कायम उजव्या हाताला राहतं. मध्येच परतायचं ठरलं तर रस्ता न ओलांडता आत वळता येतं. गाड्या उजवीकडून चालत असतील तर उलट दिशा. वर्तुळावर कुठेही असलात तरी घर साधारण ३५ मिनिटांवर असतं, त्यामुळे दमल्यावर हट्ट करू नका.

सूर्योदयाआधी अर्धा तास निघा आणि वर्तुळात अशा जागी शिरा की पहिली ओलांडणी तासाभरात येईल आणि दुसरी तिच्या पाठोपाठ. म्हणजे रेषेपलीकडचा भाग आधी उरकायचा. सुट्टीचा दिवस असेल तर उत्तम. सोप्या बाजूबद्दल लिहिण्यासारखं फार नाही: बागा, शाळा, शांत गल्ल्या, सावली. ती आपोआप छान जाते.

पक्ष्यांबद्दल मात्र एक गैरसमज काढायला हवा. त्या वर्षी पक्षी मोठ्यानं गात होते असं जो तो लिहितो. सॅन फ्रान्सिस्कोच्या पांढऱ्या शेंडीच्या चिमण्यांवरचा अभ्यास २०२०मध्येच प्रसिद्ध झाला आणि त्यात उलटं दिसलं: गोंगाट कमी झाल्यावर त्या हळू गायल्या, तरीही त्यांचं गाणं आधीपेक्षा लांबवर पोचत होतं, आणि त्यातले बारकावे वाढले होते. बदल गळ्याइतकाच आजूबाजूच्या शांततेचा होता. ही शांतता आजही मिळते, पण पहाटे आणि मोठ्या रस्त्यापासून दूर. इमारतींची रांग आड आली की आवाज झपाट्यानं पडतो, म्हणून हमरस्त्याला समांतर पण दोन रांगा आतली गल्ली निवडा. कानात काही न घालता दहा मिनिटं उभं राहा. पहिल्या दोन-तीन मिनिटांत काहीच ऐकू येत नाही, मग एकेक आवाज सुटा होत जातो. निव्वळ यासाठी ही फेरी करावी.

दुसरी कमाई म्हणजे क्षितिज. २१ डिसेंबर २०२०च्या संध्याकाळी गुरू आणि शनी चंद्रबिंबाच्या जेमतेम पाचव्या भागाइतके जवळ आले होते. पण ते सूर्यास्तानंतर इतके खाली होते की समोर इमारत असलेल्यांना दिसलेच नाहीत. बुधाचं कायम असंच असतं, कारण तो सूर्यापासून २८ अंशांपलीकडे कधी जात नाही. तेव्हा वर्तुळावर पश्चिमेला आणि पूर्वेला मोकळी असलेली एकेक जागा हेरून नकाशात खूण करा. हात पूर्ण लांब करून धरलेली मूठ म्हणजे सुमारे १० अंश. समोरचा अडथळा अर्ध्या मुठीपेक्षा खाली असेल तर जागा चांगली.

सामानाचं थोडक्यात: दीड लिटर पाणी, वापरून मऊ झालेले बूट, मोज्यांचा जादा जोड. डांबर आणि काँक्रीटवर बावीस किलोमीटर चालल्यावर डोंगरातल्या तेवढ्याच अंतरापेक्षा तळवे जास्त दुखतात, कारण प्रत्येक पाऊल सारखंच पडतं. फोनमध्ये नकाशा आधी उतरवून घ्या. उंच इमारतींमध्ये उपग्रहाचा सिग्नल भिंतींवरून परावर्तित होऊन येतो आणि ट्रॅक वेडावाकडा होतो, त्यामुळे अॅपनं दाखवलेल्या एकूण अंतरातला एक-दोन किलोमीटरचा फरक मनावर घेऊ नका.

आणि हे सगळं एका दिवसात करायलाच हवं असं नाही. पाव वर्तुळ, जाणं-येणं धरून, पावणेदहा किलोमीटरच्या आत बसतं. अडीच तासांत होतं, पाय शाबूत राहतात आणि थांबून बघायला वेळ मिळतो. पूर्ण फेरी ज्यांना दमायचंच आहे त्यांच्यासाठी. बाकीच्यांनी चार सुट्ट्यांना चार पाव करावेत, आणि ओलांडणीचा पाव पहिला.