बाबांचं पॅनक्रियाज म्हातारं झालंय म्हणे

बाबा 74 चे आहेत आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये लिहून आलं की पॅनक्रियाज, म्हणजे स्वादुपिंड, आकाराने लहान, त्यात चरबी, झालं, घरात सगळ्यांचे चेहरे पडले. डॉक्टर मात्र शांत. म्हणाले या वयात हे दिसतंच, साठीनंतर स्वादुपिंड हळूहळू आकसतं, पेशींच्या जागी चरबी येते, मधली नळीही जरा रुंद होते.

मग पाचक रसाचं काय? तर तो थोडा कमी होतो, पण या अवयवाकडे शिल्लक इतकी असते की बोलायची सोय नाही. लायपेज, म्हणजे चरबी पचवणारं एन्झाइम, नेहमीच्या साधारण 10 टक्क्यांच्या खाली गेलं की मगच शौचातून तेल जायला लागतं. आधी चरबीचंच पचन बिघडतं कारण स्टार्चला लाळेची मदत असते, प्रोटीनला पोटातल्या पेप्सिनची, चरबीला मात्र तसा भक्कम आधार नाही.

आणि इथेच आमची चूक झाली. बाबांचं वजन सहा महिने उतरत होतं, शौच तेलकट, प्रचंड वास, पाणी ओतून ओतून जाईना, आणि आम्ही सगळे एकच म्हणत होतो, वय झालं आता. (हे बोलायला घरात कोण तयार असतं सांगा, बाबा तर मुळीच नाही.) नुसत्या वयाने एवढं होत नाही हो! वजन आणि शौच दोन्ही बिघडलं तर कारण शोधायचं, जुनी सूज असेल, नळीत अडथळा असेल, उतारवयात अचानक शुगर निघाली आणि वजनही घटतंय तर कॅन्सरही तपासतात.

शौचातल्या इलास्टेजची, म्हणजे स्वादुपिंडातूनच येणाऱ्या एका एन्झाइमची, टेस्ट केली, 200 च्या खाली आलं की कमी धरतात, बाबांचं 130 आलं. सॅम्पल पातळ असेल तर आकडा उगाच कमी दिसतो म्हणून परत केली, तरी तेच. स्कॅनमध्ये गाठ नव्हती, जुनी सूज निघाली.

आता एन्झाइमच्या कॅप्सूल चालू आहेत. पहिला महिना बाबा सवयीने जेवण झाल्यावर सगळ्या गोळ्यांबरोबर घ्यायचे आणि फरक शून्य, कारण त्या अन्नात मिसळायला हव्यात, म्हणजे पहिल्या घासालाच घ्यायच्या. आता आई ताटाशेजारीच ठेवते, आणि वजनाचा काटा अडीच किलो वर सरकलाय.