डेंगफेंगजवळचा ‘अडीचशे वर्षांचा’ आखाडा: जाण्यापूर्वी वाचावे

निष्कर्ष आधीच सांगतो. चीनच्या हेनान प्रांतातील डेंगफेंग शहराच्या पलीकडे, सोंगशान डोंगराच्या उतारावरील एका खेड्यात जो आखाडा स्वतःला कुंग-फूसाठी प्रसिद्ध असलेल्या शाओलिन मंदिराची लुप्तप्राय शाखा म्हणवतो, त्याची गुरु-शिष्यांची वंशावळ बनावट आहे. आणि ती वंशावळ नुसती पाहण्यासाठी मी 300 युआन मोजले, याचा राग परत येऊन महिना झाला तरी गेलेला नाही.

झेंगझोऊपर्यंत वेगवान रेल्वे आणि तेथून डेंगफेंगपर्यंत सुमारे दीड तासाची बस, हा प्रवास सुरळीत होतो. शाओलिन मंदिर आणि तेथील स्तूपवन मी एका दिवसात पाहिले. ते चांगलेच आहे, आणि त्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. डेंगफेंगमध्ये खासगी आखाडे इतके आहेत की सकाळी रस्त्याने एकसारख्या गणवेशातील मुलांच्या रांगा धावताना दिसतात. त्यामुळे ज्याला गर्दीपासून दूर, ‘अस्सल’ काही शिकायचे असते, तो आडगावच्या आखाड्याकडे वळतो. मीही तसाच वळलो.

पहिली शंका मला आखाडाप्रमुखांच्या कार्डावरच यायला हवी होती. शाओलिनमध्ये पिढ्यांची नावे तेराव्या शतकातील मठाधिपती फूयू यांच्या सत्तर अक्षरी कवितेवरून पडतात. एक पिढी, एक अक्षर. त्या क्रमाने ‘द’ ही 31वी, ‘शिंग’ 32वी, ‘योंग’ 33वी आणि ‘यान’ 34वी पिढी होते. कार्डावर नावात ‘यान’ होते आणि खाली ‘32वी पिढी’ असे छापले होते. विचारल्यावर उत्तर मिळाले की गावाकडची मोजणी वेगळी असते. एवढा क्रम पाठ करून गेलात, तर निम्मी तपासणी चहा निवण्यापूर्वीच आटोपते.

भिंतीवरच्या पितळी पाट्यांना भुलू नये. सांस्कृतिक वारशाची पाटी राष्ट्र, प्रांत, शहर आणि जिल्हा अशा वेगवेगळ्या पातळ्यांवर मिळते, म्हणून ती कोणत्या पातळीची आहे आणि कोणत्या नावाने दिली आहे, हे विचारावे. माझ्या समोरची पाटी तर एका स्पर्धेतील सहभागाची निघाली.

आता ते 300 युआन. लाल रेशमात गुंडाळलेली वही बाहेर काढण्यापूर्वी ‘धूप-दक्षिणा’ म्हणून ही रक्कम मागितली गेली, आणि वही उघडली ती जेमतेम पाच मिनिटे. तिच्यात परंपरा थेट बोधिधर्मापासून, म्हणजे भारतातून चीनला गेलेल्या बौद्ध भिक्षूपासून, सुरू होते. आपल्याकडच्या कराटेच्या वर्गांतही बोधिधर्माची तसबीर कधी कधी दिसते, त्यामुळे आपले मन या ठिकाणी हळवे होते. परंतु बोधिधर्माने शाओलिनला युद्धकला शिकवली ही कथा चिनी युद्धकलेचे इतिहासकार तांग हाओ यांनी 1930 मध्येच मोडीत काढली आहे. शाओलिनमध्ये दहा वर्षांहून अधिक काळ लाठी शिकलेल्या छंग झोंगयोऊ यांनीही सतराव्या शतकात आपल्या ग्रंथात लाठीचे मूळ बोधिधर्माशी नव्हे, तर किन्नर या बौद्ध देवतेशी जोडले आहे. वहीच्या शेवटी ‘छ्यानलाँग 28, ज्याशन’ अशी तिथी होती. चिनी वर्षगणना आपल्या प्रभव-विभव संवत्सरांसारखीच साठ वर्षांच्या चक्राची असते. छ्यानलाँग 28 म्हणजे छ्यानलाँग सम्राटाच्या कारकिर्दीचे 28वे वर्ष, 1763, आणि त्या वर्षाचे नाव ‘ग्वेईवेई’ आहे. ‘ज्याशन’ हे त्याच्या पुढचे वर्ष. ज्या वर्षी वही लिहिली, त्याच वर्षाचे नाव लिहिणारा चुकला असेल, हे मला पटत नाही.

मूळ पुरुषाच्या समाधीचा शिलालेख पाहण्याचा हट्ट मात्र धरावा, फक्त पावसात धरू नये. ऑगस्टमध्ये तेथील पिवळी, भुसभुशीत माती भिजली की साबणासारखी होते. डोक्याहून उंच मक्यातून जाणारी ती चार किलोमीटरची वाट मी अडीच तासांत चाललो, तीन वेळा पडलो आणि एकदा बुटाचा तळ चिखलातच राहिला. सोबत दिलेला मुलगा प्लास्टिकच्या चपलांवर शांतपणे पुढे जात होता आणि प्रत्येक वळणावर ‘आलेच’ म्हणत होता. सह्याद्रीत पावसाळी चढ केलेल्यांनीही या वाटेला हलके समजू नये. येथे धरायला दगडच नाही.

शिळा होती, शेवाळेही होते. पण त्यावरचे ‘परंपरा’ या अर्थाचे ‘छ्वान’ हे अक्षर सहा रेघांचे होते. जुन्या लिपीत ते तेरा रेघांचे असते. सोपी अक्षरे अधिकृत झाली ती 1956 च्या योजनेनंतर. मी बोटाने दोनदा रेघा मोजल्या. पायांत गोळे आलेले असताना मला हसूच फुटले, आणि तो मुलगाही कारण न कळता हसला.

परतल्यावर आखाड्यात दीक्षाविधीसाठी 1,200 युआन आणि वर लाल पाकिटातून वेगळी दक्षिणा, असा प्रस्ताव आला. तो स्पष्टपणे नाकारावा. कोल्हापुरात गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत वस्ताद कोण, हे कोणी वही उघडून दाखवत नाही. तेथील माणसेच सांगतात. येथेही शेजारच्या गावात विचारावे. मी विचारले, तेव्हा किराणा दुकानदाराने सांगितले की प्रमुख पूर्वी शहरातील एका मोठ्या आखाड्यात शिक्षक होते.

हे मान्य करतो की प्रमुखांचे घोडा-आसन (पाय फाकवून, गुडघे वाकवून स्थिर उभे राहणे) आणि लाठी, दोन्ही उत्तम होते. महिनाभर सराव करायचा असेल, तर सरावाची फी ठरवून जाण्यास हरकत नाही. वंशावळीचे पैसे वेगळे देऊ नयेत. मुक्काम गावात करणार असाल, तर 24 तासांत पोलिसांकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे आणि ती आखाडा आपणहून करत नाही. शहरातील काही लहान हॉटेले परदेशी पासपोर्ट पाहून परत पाठवू शकतात, म्हणून आधी फोन करावा. गावाहून परतीचे वाहन दुपारी चारनंतर मिळाले नाही. चालकाने 80 युआन ठरवून 180 घेतले, आणि मी तेही दिले, कारण माझ्या एका बुटाला तळ नव्हता.