पाऊस पडला की सिग्नल लाल का होतो?

गाडी नाही, तरी सिग्नल लाल. पावसाळ्यात लोकल खोळंबते त्याचं हे एक नेहमीचं कारण. मूळ शोधायचं तर १८७२ पर्यंत मागे जावं लागतं. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी बंद (क्लोज्ड) ट्रॅक सर्किटचं, म्हणजे रुळांतून करंट सोडून गाडी ओळखणाऱ्या यंत्रणेचं पेटंट घेतलं ते याच वर्षी.

रुळांचा एक तुकडा इन्सुलेटेड जॉइंटने, म्हणजे वीज न जाऊ देणाऱ्या सांध्याने वेगळा करायचा. एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे करंट मिळेपर्यंत उचललेला राहणारा स्विच. रिले उचललेला असेल तर रूळ मोकळा. गाडी आली की चाकं आणि त्यांना जोडणारी आस (ॲक्सल) दोन्ही रूळ जोडतात, करंट तिथूनच परततो, रिले पडतो, सिग्नल लाल होतो. वायर तुटली, बॅटरी उतरली तरी तेच. बिघाड झाला तर सिग्नल लालच व्हावा, ही यातली खरी हुशारी.

पण खडीत चिखल साचून पाणी तुंबलं की करंट एका रुळातून दुसऱ्यात झिरपतो आणि रिले उगाच पडतो. उलटा प्रकार जास्त धोक्याचा: न वापरलेल्या रुळावर गंज चढला, तर चाकं नीट जोडत नाहीत आणि उभी गाडीसुद्धा ‘दिसत’ नाही.

म्हणून तुंबणाऱ्या पट्ट्यांत ॲक्सल काउंटर बरा. तो आत गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या आसा मोजतो. मात्र मोजणी चुकली तर रीसेट करावाच लागतो.