कानातला हिरा, कपाटातला कागद

हिऱ्याचे टॉप्स घ्यायचं ठरलं की आमच्या घरात लगेच दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं, 'शेट सांगतील ते.' दुसऱ्याचं, 'सर्टिफिकेट कुठाय?' पहिल्या तटाची पुढारी निपाणीची आमची आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण. दुसऱ्याची माझी लेक, बेंगळूरला नोकरी करणारी. मी मध्ये, दोन्हीकडून बोलणी खायला. पण यंदा मला या भांडणाची गंमत वाटायला लागली, कारण ज्या कागदावरून दोघी भांडतात तो कागद काय सांगतो आणि कशाबद्दल गप्प बसतो, हे दोघींनीही नीट वाचलेलं नाही.

बेळगावकडं बायकांच्या कानाला हिरा काही नवा नाही. कानडी घरांत बेंडोले, आमच्याकडं सात खड्यांची कुडी. मध्ये एक, भोवती सहा. ऐपत नसली तर निदान नाकात एका खड्याची चमकी. या खड्यांना कधी कुणी कागद मागितला नाही. शहापूरच्या पेढीवर गादीला टेकून बसायचं, सराफानं पुडी उलगडायची, आजीनं बघायचं आणि आजोबांनी पैसे मोजायचे. त्या पुडीच्या आत एक पातळ निळसर कागद असतो. त्यावर ठेवला की किंचित पिवळट खडाही पांढराशुभ्र दिसतो. आजी काही रत्नपारखी नव्हती, पण ती खडा पुडीतून काढून दारापाशी उजेडात न्यायची आणि स्वतःच्या पांढऱ्या रुमालावर पालथा घालून बघायची. हिरा सुलटा ठेवला की चमक डोळ्यांत जाते आणि रंग लपतो, पालथा घातला की रंग कळतो. पुढं कधीतरी वाचलं की मोठमोठ्या प्रयोगशाळांतही रंग असाच, खडा पालथा घालून, पांढऱ्या पार्श्वभूमीवर नमुन्याच्या खड्यांशेजारी ठेवून ठरवतात. आजीकडं नमुन्याचे खडे तेवढे नव्हते.

बाकीच्या घरगुती परीक्षा मात्र बघायला मजेशीर, भरवशाला कच्च्या. हिरा ऐरणीवर ठेवून घण मारायचा आणि वाचला तर खरा, हे आपण कीर्तनात ऐकत आलो. दृष्टांत म्हणून उत्तम, पण घरी करून बघू नये. हिरा कठीण असतो याचा अर्थ तो ओरखड्याला दाद देत नाही. घाव नेमक्या दिशेनं बसला तर अस्सल हिऱ्याचेसुद्धा दोन तुकडे होतात. दुसरी परीक्षा फुंकरीची. खड्यावर वाफ धरायची, झटकन गेली तर हिरा. यात तथ्य आहे, कारण हिऱ्यातून उष्णता भराभर पसरते, आणि दुकानातलं ते टीं टीं करणारं पेनासारखं यंत्र मुळात याच गुणावर चालतं. तिसरी परीक्षा 'तरुण भारत'च्या पानावर खडा पालथा ठेवून खालचं अक्षर दिसतं का ते बघायची. नीट पैलू पाडलेल्या हिऱ्यातून अक्षर वाचता येत नाही. अमेरिकन डायमंड म्हणजे क्युबिक झिर्कोनिया, तो पेनाच्या यंत्राखाली लगेच पकडला जातो. मॉइसनाइट हा दुसरा हिऱ्यासारखा दिसणारा खडा मात्र नुसती उष्णता मोजणाऱ्या यंत्राला खुशाल चकवतो.

इथवर आक्काची बाजू तगून आहे. शेटची नजर, त्यांच्या वडिलांची नजर, तीन पिढ्यांची गिऱ्हाइकी, झिर्कोनियाला ती पुरून उरते. पण आता सगळी गोम आहे ती लॅबमध्ये वाढवलेल्या हिऱ्यात. तो नकली नव्हेच. हिऱ्याचीच एक पातळ चकती बंद भांड्यात ठेवतात, मिथेन आणि हायड्रोजन सोडतात, वायूतला कार्बन त्या चकतीवर थरावर थर बसत जातो. जमिनीच्या पोटातले बहुतेक हिरे शंभर कोटी वर्षांहून जुने, इथं मात्र ते काम काही आठवड्यांत उरकतं. कार्बन तोच, कठीणपणा तोच, चमक तीच. साधं पेन त्यालाही हिराच म्हणतं, आणि म्हणणारच. नजरेनं किंवा दहापट दाखवणाऱ्या भिंगानं शेटही छातीठोक सांगू शकत नाहीत. त्यासाठी वेगळी यंत्रं लागतात. किमतीत मात्र खाणीतल्याची आणि लॅबमधल्याची जमीन-अस्मानाची तफावत, आणि विकायला गेलं तर लॅबमधल्याला बहुतेक पेढ्या हातच लावत नाहीत.

म्हणजे पूर्वी कागद मागायचा तो प्रतीसाठी, खडा पांढरा किती, स्वच्छ किती. आता मागायचा तो जन्मासाठी. हे मी आक्काला समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "शेटनी आजवर फसवलंय काय आपल्याला?" मी म्हटलं, शेट फसवणार नाहीत, पण शेटना कुणी फसवलं तर? त्यांचा मालही सुरतेहून चार हात फिरून येतो. यावर आक्का गप्प बसली. तिचं गप्प बसणं म्हणजे कबुली नव्हे, एवढं मला साठ वर्षांत कळलंय.

आता लेकीच्या बाजूचं बघू. तिच्या लेखी सर्टिफिकेट म्हटलं की संपलं. पण कुणाचं सर्टिफिकेट? जीआयए ही 1931 साली सुरू झालेली अमेरिकी संस्था, आयजीआय 1975 सालची अँटवर्पची. दोन्हींच्या प्रयोगशाळा आता मुंबईतही आहेत. त्यांचा कागद म्हणजे एका सुट्या खड्याची कुंडली. वजन, मिलिमीटरमध्ये मापं, रंग, स्वच्छता, घाट, आणि खाणीतला की लॅबमधला. रंगाची अक्षरं सर्वांत पांढऱ्या खड्याच्या डीपासून सुरू होतात (पुढच्या अक्षरांत पिवळटपणा वाढत जातो), कारण ए, बी, सी आधीच्या व्यापाऱ्यांनी वापरून वापरून त्यांची पार रया घालवली होती. बऱ्याच खड्यांच्या कडेवर लेसरनं नंबर कोरलेला असतो, भिंगातून वाचता येतो, कोंदणाच्या नखाखाली झाकला गेला नाही तर. दुसरीकडं दागिन्याच्या डबीत जे प्लास्टिकचं गुळगुळीत कार्ड मिळतं, ते कधी प्रयोगशाळेचं असतं, कधी दुकानानंच छापलेलं. प्रयोगशाळेचं असलं तरी दागिन्यात बसवलेल्या खड्यांचं असल्यानं त्यात रंग 'जी-एच', स्वच्छता 'व्हीएस-एसआय' (म्हणजे आतले डाग फार किंचित ते किंचित) असा पल्ला दिलेला असतो, कारण बसवलेला खडा चहूबाजूंनी बघता येत नाही. आणि पेढीनं स्वतःच्या मालाला स्वतःच दिलेलं कार्ड म्हणजे 'आमचा बाब्या गुणाचा.'

त्यातच हॉलमार्कचा घोळ. टॉप्सच्या मागं बारीक 750 आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी म्हणजे हॉलमार्कचा ओळखक्रमांक दिसला की लोक समजतात, चला, हिरा सरकारी शिक्क्याचा. तो शिक्का सोन्याचा. 750 म्हणजे 18 कॅरेट सोनं, हिऱ्याबद्दल त्यात एक अक्षर नाही. बिलावर सोन्याचं निव्वळ वजन वेगळं आणि हिऱ्याचं वजन वेगळं लिहून घ्यावं. हिऱ्याचा कॅरेट हे वजन, सोन्यासारखी शुद्धता नव्हे; पाच कॅरेट म्हणजे एक ग्रॅम. खडे सोन्याच्या भावात मोजले गेले तर नुकसान थोडं असेल, पण चीड यायला पुरेसं असतं.

आमच्या सीमाभागात कागदाशी माणसाचं नातं जरा वेगळंच. 1 नोव्हेंबर 1956 ला कागदावर राज्य बदललं, चुलीपाशी भाषा तीच राहिली. शेताचा उतारा कन्नडमध्ये येतो आणि तो वाचून घ्यायला शेजारच्या घरातलं शिकलेलं पोर गाठावं लागतं. 2004 पासून सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. त्यामुळं इथल्या माणसाचा कागदावर विश्वासही दांडगा आणि रागही दांडगा. हिऱ्याच्या नेहमीच्या रिपोर्टवर मात्र गाव, तालुका, जिल्हा, राज्य असलं काही नसतं. बोट्सवानातून आला की रशियातून, आमच्या पेढीवर कुणी विचारत नाही. वजन चोख, रंग चोख, पुढं व्हा. मला त्या खड्याचा थोडा हेवाच वाटला.

कानातल्यांच्या बाबतीत माझं मत सांगते. अंगठी माणूस डोळ्यांपुढं धरून बघतो, कानातलं समोरचा दोन हातांवरून बघतो, तेही केसांतून. म्हणून टॉप्ससाठी डी-ई रंग आणि व्हीव्हीएस (व्हीएसच्याही वरची) स्वच्छता यांवर पैसे घालणं मला उधळपट्टी वाटते. जी-एच रंग, स्वच्छता एसआय असली तरी डाग नुसत्या डोळ्याला दिसत नाही ना एवढं बघावं, आणि उरलेले पैसे पैलूंच्या कामावर घालावेत. चमक येते ती पैलूंमुळं. आणि दोन्ही खड्यांची जोडी जमायला हवी. सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग; 30 सेंटचा गोल खडा सव्वाचार मिलिमीटरच्या आसपास भरतो. पण दोन खडे वजनाला सारखे असूनही एक खोल घडवलेला, एक पसरट असला, तर पसरट मोठा दिसतो. म्हणून रिपोर्टवर वजनापेक्षा आधी मिलिमीटर बघावेत. सात खड्यांच्या कुडीत एकेक खडा पाच-दहा सेंटचा, तिथं प्रत्येकाला वेगळा कागद मागणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. जीआयएसुद्धा छोटा रिपोर्ट देते तो 15 सेंटपासून पुढं. एका खड्याचे टॉप्स, तेही पंचवीस-तीस सेंटच्या पुढचे, असतील तर कागद घ्यावाच.

आक्काची कुडी आमच्या आजीची. पूर्वीचे लोक अशा खड्यांना 'ब्लू जागर' म्हणायचे. ते नाव दक्षिण आफ्रिकेतल्या यागर्सफाँटेनच्या खाणीवरून आलेलं, आणि दक्षिणेत ज्या कुणाच्या घरी जुने हिरे आहेत त्याचे ते ब्लू जागरच असतात, हा भाग वेगळा. यंदा पेढीवर लेकीनं विचारलं, हे खरे कशावरून? शेटनी वाद घातला नाही. खोट्या नोटा बघायचा निळा दिवा काउंटरखालून काढला, दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि कुडी दिव्याखाली धरली. उजव्या कुडीतले दोन खडे लख्ख निळे पेटले, एक अंधूक निळा, बाकीचे काळे ते काळेच. डाव्या कुडीत तीन पेटले, पण जागा वेगळ्या. आक्का घाबरली, म्हणाली, "बाकीचे खोटे काय ओ?" शेट हसले. म्हणाले, "उलट आहे, आक्का. सगळेच्या सगळे एकसारखे पेटले असते तर मला शंका आली असती." खाणीतल्या हिऱ्यांपैकी साधारण पाव ते तिसरा हिस्सा या दिव्याखाली कमी-जास्त उजळतो. सात खडे सात ठिकाणचे, ज्याचा त्याचा स्वभाव वेगळा. ही काही पक्की परीक्षा नव्हे, हेही शेटनी लगेच सांगितलं. पक्कं हवं तर खडे कोंदणातून काढून मुंबईला पाठवावे लागतील. "काढायचं नाव काढू नका," आक्का म्हणाली आणि कुडी तिथल्या तिथं कानात घातली.

लेकीपुढं दोन जोड्या होत्या. एक कागदवाली, दोन वेगवेगळ्या रिपोर्टांची. अक्षरं सारखी, पण दाराशी नेऊन बघितलं तर एक खडा काकणभर बारका दिसत होता. दुसरी जोडी बिनकागदाची, शेटनी स्वतः महिनोन्‌महिने पुड्या चाळून जुळवलेली. रुमालावर शेजारी शेजारी पालथी घातली तर कुठला कुठला, सांगता येईना. तेव्हा मी मध्ये पडले. जोडी शेटनी जुळवलेली घ्यायची आणि बसवायच्या आधी दोन्ही खडे रिपोर्टसाठी मुंबईला पाठवायचे, फी आपण द्यायची. खड्याच्या किमतीपुढं ती फी काहीच नाही. मला वाटलं शेटना राग येईल. ते म्हणाले, "खुशाल पाठवा वैनी, मलापण झोप लागेल." राग आक्काला आला. घरी येईपर्यंत रिक्षात बोलली नाही.

रिपोर्ट आले. दोन्ही खडे खाणीतले. शेटनी जी सांगितलेला रंग एकाचा जी निघाला, एकाचा एच. शेटनी न मागता एचच्या हिशेबानं बिल कमी केलं आणि बिलावर 'नैसर्गिक' हा शब्द, रिपोर्टांचे नंबर आणि परत घ्यायची अट लिहून शिक्का मारला. लेक म्हणाली, "बघ मावशी, कागद नसता तर?" आक्का म्हणाली, "बघ, म्हणून सांगत होते, शेट सरळ माणूस." दोघी एकाच बिलाकडं बोट दाखवत होत्या.

मग आक्कानं टॉप हातात घेतला, खड्याकडं न बघता उलटा केला आणि फिरकी फिरवली. दोन आट्यांत ती तिच्या तळहातावर आली.

"शेट, ही सुटालीय की ओ. रात्री उशीवर पडली म्हणजे? कागद काय कानाला बांधून फिरायचा पोरीनं?"

शेटनी फिरकी भिंगाखाली धरली, मान हलवली आणि दोन्ही टॉप्स पुन्हा कारागिराकडं दिले. लांब दांडीचे, जास्त आट्यांचे करून मिळणार आहेत, गणपती झाल्यावर.