सांध्याच्या वर हापूस

मृगाचा पाऊस लागला की आमच्या अंगणात कोयींचा ढीग पडायचा. रायवळ आंब्याच्या कोयी बाबा वाफ्यात रुजत घालायचे. पंधरा-वीस दिवसांत तांबूस कोंब वर आला की तो आडवा कापायचा, मधोमध चीर द्यायची, हापूसच्या काडीचं टोक पाचरीसारखं तासून त्या चिरेत बसवायचं आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी आवळायची. पट्ट्या कापून देणं माझं काम. सातवीत असताना मी गुपचूप एका हापूसचा बाठा परसात पुरला. एवढा खटाटोप कशाला, सरळ हापूसच रुजवावा, असा विचार. बाबांनी रोप पाहिलं आणि म्हणाले, "हापूसचो बाठो लावलंस तरी हापूस येवचो नाय गो." का, असं विचारलं तर म्हणाले, "ता तुझ्या बाईंक इचार."

विचारायला मला तीन वर्षं लागली. १९९४ साली मी दहावीत होते. विज्ञान शिकवणाऱ्या बाई घाटावरच्या, नव्यानेच आपल्या शाळेत आल्या होत्या. प्रश्न ऐकून त्यांनी उत्तर दिलं नाही. म्हणाल्या, "उद्या घरून हातभर सुंभ घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी बाईंनी तो सुंभ वर्गात धरला आणि उलटा पीळ दिला. दोन पदर सुटे झाले. सोडला, पुन्हा एकमेकांवर चढले. आई-वडिलांकडून आलेले गुण पेशीत ज्यावर लिहिलेले असतात तो डीएनएचा रेणूही असाच दुपदरी आणि पीळदार, पण त्याच्या दोन पदरांमध्ये शिडीसारख्या पायऱ्या असतात. पदर साखर आणि फॉस्फेटचे. प्रत्येक पायरी दोन तुकड्यांची, आणि ते तुकडे चारच प्रकारचे: ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन, सायटोसीन. ॲडेनीनसमोर थायमीनच, ग्वानीनसमोर सायटोसीनच. साधारण दहा पायऱ्यांना पिळाचा एक फेरा पुरा होतो आणि त्याची उंची ३.४ नॅनोमीटर. म्हणजे एका मिलिमीटरात जवळजवळ तीन लाख फेरे. माणसाच्या एकाच पेशीतला डीएनए सरळ केला तर साधारण दोन मीटर, आमच्या वर्गाच्या दाराएवढा भरतो. हे ऐकून अख्खा वर्ग दाराकडे बघत राहिला होता.

हा आकार कुणी शोधला हे सांगताना बाईंनी फळ्यावर पहिलं नाव रोझलिंड फ्रँकलिन यांचं लिहिलं. लंडनच्या किंग्ज कॉलेजात १९५२ साली, त्यांच्या कामातून, डीएनएचं क्ष-किरणांनी घेतलेलं एक छायाचित्र मिळालं. त्यात मधोमध फुली दिसते, आणि ती फुली म्हणजे पिळाची खूण. ते छायाचित्र फ्रँकलिन यांच्या नकळत जेम्स वॉटसन यांना दाखवलं गेलं. एप्रिल १९५३ मध्ये वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी दुपदरी रचना प्रसिद्ध केली. १९६२ साली त्या दोघांना आणि मॉरिस विल्किन्स यांना नोबेल मिळालं, तेव्हा फ्रँकलिन हयात नव्हत्या. १९५८ मध्ये, अवघ्या ३७व्या वर्षी, कर्करोगाने त्या गेल्या होत्या. बाईंचा आवाज त्या दिवशी बदलला होता. आम्ही मुली तो तास विसरलेलो नाही.

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते मैदान. बाईंनी आमच्यातल्या चोवीस जणांच्या गळ्यात पुठ्ठे अडकवले: ए, टी, जी, सी. समोरासमोर दोन रांगा, ए समोर टी, जी समोर सी, हात हातात. मग बाई म्हणाल्या, "सुटा." रांगा दोन बाजूंना सरकल्या आणि नववीची चोवीस मुलं पुठ्ठे घेऊन मैदानात आली. ज्याने त्याने आपली जोडी शोधून उभं राहायचं. पाचेक मिनिटांत एका दुहेरी रांगेच्या दोन झाल्या, अगदी पहिलीसारख्या. प्रत्येकीत एक जुनी ओळ, एक नवी. पेशी दुभंगण्याआधी आत हेच घडतं. एक पदर हातात असला की दुसरा कसा असणार ते ठरलेलंच. नक्कल करण्याची सोय आकारातच आहे, हे मला तेव्हा उन्हात उभं राहून कळलं.

त्यात नववीतला एक मुलगा 'सी'चा पुठ्ठा घेऊन 'ए'समोर उभा राहिला. आम्ही ओरडलो, पण बाईंनी त्याला हलू दिलं नाही. रांगा पुन्हा सोडवल्या, आठवीची मुलं बोलावली. त्या 'सी'समोर आता बरोबर 'जी' आला. मुळात जिथे ए-टी होतं तिथे जी-सी, आणि यापुढे त्या रांगेच्या प्रत्येक नकलेत तेच. "पेशी अशा बहुतेक चुका स्वतःच तपासून दुरुस्त करते," बाई म्हणाल्या. "एखादी राहून जाते."

पुढच्या आठवड्यात खरा डीएनए पाहिला. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातून दोघांनी गोणपाटात गुंडाळून बर्फ आणला आणि त्यात स्पिरिटची बाटली गार करत ठेवली. केळं कुस्करून त्यात मीठ, पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा फेस घातला. पेशीभोवतीचा पडदा स्निग्ध असतो, तो साबणाने फुटतो. फडक्याने गाळून त्या रसावर बाईंनी परीक्षानळीच्या कडेने स्पिरिट सोडलं. डीएनए त्यात विरघळत नाही. दोन थरांच्या मधे पांढरे तंतू वर चढू लागले. त्यात केळ्यातलं पेक्टिन आणि प्रथिनंही मिसळलेली असतात, हे बाईंनी तेव्हाच सांगितलं. मी काडीवर गुंडाळून घेतलेला तो पांढरा धागा घरी नेऊन बाबांना दाखवला होता.

मग माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मोहोरावर माश्या बसतात, शेजारच्या रायवळाचे पराग आणतात. बाठ्यातल्या रोपात निम्मा डीएनए आईचा, निम्मा त्या परागाचा, आणि दोन्हीकडचे पत्ते पिसलेले. कलमात मात्र पिसणं नाहीच, काडीतल्या पेशी स्वतःच्याच नकला काढत वाढतात. देवगडपासून रत्नागिरीपर्यंतच्या हापूसच्या बागा म्हणजे अशा नकलांच्या नकला. नवी जात हवी असेल तर पिसावंच लागतं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली 'रत्ना' दिला तो तसाच.

आज मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत आहे, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या चाचण्या करते. डीएनए ९५ अंशांना तापवला की दोन पदर सुटतात, आणि मला रोज तो सुंभ दिसतो. डीएनएतली तीन अक्षरं म्हणजे प्रथिनातला एक दुवा. असे ६४ शब्द होतात. त्यांचा अर्थ लावणाऱ्यांत आपले हरगोबिंद खुराना होते, १९६८च्या नोबेलचे मानकरी. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या एका जनुकात जीएजीच्या जागी जीटीजी असतं. एका अक्षराने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. आई-वडील दोघेही वाहक असले, म्हणजे दोघांकडे जनुकाची एक प्रत चुकीची आणि एक बरोबर असली, तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. समोर बसलेली आई बहुधा स्वतःलाच दोष देत असते. तिला मी कागदावर दोन रांगा काढून दाखवते, एक चुकीचा पुठ्ठा दाखवते. ही चूक कित्येक पिढ्यांपूर्वी नक्कल होताना झाली, बाई, तुझ्या हातून नाही.

दोन वर्षांपूर्वी घरी गेले असता बाबांना म्हटलं, कलमाच्या सांध्यापाशी दोन डीएनए शेजारी-शेजारी राहतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. खाली रायवळ, वर हापूस. बाबांनी सांध्याखाली फुटलेला एक कोंब चाकूने उडवला आणि म्हणाले, "म्हणान तर ह्यो आमी ठेवणव नाय."

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बाबांनी बांधलेली दोन कोय कलमं शाळेच्या प्रयोगशाळेमागे लावली आहेत. मुलांनो, सांध्याखाली फुटवा दिसला तर लगेच काढा. पण टाकून देऊ नका. त्याचं एक पान आणि वरच्या फांदीचं एक पान, दोन्ही वेगवेगळ्या खलांत कुटा. मीठ, साबण आणि गार स्पिरिट कपाटात ठेवलं आहे.